तेलकट केसांसाठी ड्राय शाम्पू निवडताना

सकाळची लोकल गाठायची असते, आदल्या रात्री केस धुवायला जमलेलं नसतं आणि आरशात बघावं तर पुढच्या बटा कपाळाला चिकटलेल्या. डोंबिवलीतल्या आमच्या छोट्या दुकानात ड्राय शाम्पू मागायला येणाऱ्यांची बहुतेक वेळा हीच अडचण असते. घाईत चुकीचा डबा नेला की पैसे जातात, केस मात्र तसेच राहतात. म्हणून घेण्याआधी हे वाचाच.

ड्राय शाम्पू केस धूत नाही, हे सगळ्यात आधी लक्षात घ्या. ओट्यावर तेल सांडलं की आपण त्यावर चिमूटभर पीठ भुरभुरतो. पीठ तेल ओढून घेतं, पण नंतर ओटा पुसावा लागतोच. इथेही तसंच होतं. डोक्याच्या त्वचेतल्या ग्रंथींमधून सीबम नावाचा तेलकट स्राव झिरपत असतो. ड्राय शाम्पूतला स्टार्च, सिलिका किंवा पांढरी माती तो टिपून घेते. केस मोकळे होतात, मुळाशी जरा फुगतात. धूळ, घामाचा खारटपणा आणि कोंडा मात्र जागच्या जागी राहतो.

तुमचे केस खरंच तेलकट आहेत का?

केस धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टिश्यू पेपरचा तुकडा माथ्यावर दाबा, दुसरा कानामागे. दोन्ही कागदांवर पारदर्शक डाग उमटला, तर त्वचा तेलकट आहे. फक्त माथ्यावरच्या कागदावर डाग दिसला, तर पूर्ण डोक्यासाठी मोठा डबा घ्यायची गरजच नाही. ब्रशने लावायची पावडरची लहान डबी पुरते.

रविवारी चंपी करून खोबरेल मुरवलंय आणि सोमवारी ते ड्राय शाम्पूने काढायचंय, अशी मागणी आमच्याकडे नेहमी येते. ते होत नाही. एवढं तेल टिपायला लागेल तितकी पावडर ओतली तर डोक्यावर लगदा होतो. लावलेलं तेल शिकेकाईने किंवा साध्या शाम्पूने धुऊनच काढा. हेल्मेटखालच्या घामाचंही तेच. आधी पंख्याखाली केस वाळू द्या. स्टार्च म्हणजे सुती साडीला घालतो तीच खळ, आणि ओलसर केसांवर ती तशीच बसते. पावसाळ्यात केस वाळल्यासारखे वाटतात पण मुळाशी दमट असतात, तेव्हा बोटांनी चाचपून बघा.

डब्यावर काय वाचायचं

घटकांच्या यादीत ज्याचं प्रमाण जास्त, त्याचं नाव आधी येतं. तेलकट त्वचेसाठी तांदळाचा, मक्याचा किंवा टॅपिओकाचा (ज्याचा साबुदाणा करतात त्या कंदाचा) स्टार्च यादीत वरच्या बाजूला हवा. तांदळाचा स्टार्च काही डब्यांवर ‘ओरायझा सटायव्हा’ आणि मक्याचा ‘झिया मेज’ या नावाने लिहिलेला असतो. सोबत सिलिका किंवा काओलिन (म्हणजे पांढरी माती) असेल तर उत्तम. सुगंधच सुगंध आणि स्टार्च शेवटी, असा डबा वासापुरता ताजेपणा देतो. टाल्क (टाल्कम पावडरीतलं खनिज) असलेली पावडर आम्ही सुचवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ असलेल्या पदार्थांच्या गटात टाकलं आहे, आणि डोक्यावर भुरभुरलेली पावडर नाकात जातेच.

स्प्रे घ्यायचा की पावडर? आमचं मत पावडरीकडे झुकतं. स्प्रे झटपट आणि सारखा पसरतो, हे खरं. पण त्यातला बराचसा भाग ब्युटेन, प्रोपेन अशा वायूंचा असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसमध्ये असतात तेच. पेटता गॅस, देवघरातली समई, उदबत्ती यांच्याजवळ तो कधीही मारू नका आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डबा ठेवू नका. ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो. रिकामा वाटला तरी त्याला भोक पाडू नका, जाळू नका.

बेंझीनबद्दलही विचारणा होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये युनिलिव्हरने अमेरिकेत डव्ह, ट्रेसमे वगैरे ब्रँडचे काही एरोसोल (स्प्रेचे) ड्राय शाम्पू परत मागवले होते. बेंझीन हा कर्करोगकारक पदार्थ त्यात कोणी मुद्दाम घातलेला नव्हता, तो फवारणीच्या वायूतून आला होता. ते डबे ऑक्टोबर २०२१ पूर्वी बनलेले होते. परदेशातल्या लेकीने पाठवलेला एखादा जुना डबा कपाटात पडून असेल, तर त्यावरची तारीख बघा आणि शंका असेल तर वापरू नका.

काळ्या केसांवर पांढरा थर

आपल्याकडची सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि ती बहुतेकदा लावण्याच्या पद्धतीमुळे येते. डबा हलवून घ्या. भांग पाडत पाडत केसांचे चार-पाच भाग करा आणि मुळांवर एक वीत अंतरावरून मारा. त्याहून जवळून मारलं की एकाच जागी पांढरा डाग बसतो. मग दोन-तीन मिनिटं हात लावू नका, स्टार्चला तेल शोषायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर बोटांच्या टोकांनी मुळाशी चोळा आणि डोकं खाली करून विंचरा. पावडर असेल तर मेकअपच्या ब्रशने भांगावर टेकवत जा. एवढं करूनही थर दिसला, तर काळ्या केसांसाठी मिळणारी तपकिरी छटेची पावडर घ्या. रात्री झोपण्याआधी लावलं तर आणखी चांगलं. सकाळपर्यंत पावडर मुरते आणि उशीवर घासून जास्तीचा थरही निघून जातो.

आम्ही हे विकत असलो तरी सांगतो, आधी घरात करून बघा. दोन चमचे कॉर्नफ्लोअरमध्ये एक चमचा बिनसाखरेची कोको पावडर मिसळा आणि ब्रशने लावा. जमलं तर विकतचं घ्यायची घाई नाही. गिरणीवरचं तांदळाचं पीठ मात्र जाडसर असतं, ते केसात रव्यासारखं टोचतं. खायचा सोडाही नको. तो अल्कधर्मी असतो आणि डोक्याची त्वचा किंचित आम्लधर्मी.

लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त वापरू नका, तिसऱ्या दिवशी केस धुवा. दमा असेल तर स्प्रे टाळा. बाकीच्यांनीही खिडकी उघडी ठेवून मारा. डोक्यात खाज, लालसर चट्टे, पुळ्या किंवा चिकट पिवळसर कोंडा असेल, तर आमच्याकडे येण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तशा कोंड्याला औषधी शाम्पू लागतो आणि त्यावर पावडर मारून आजार फक्त झाकला जातो.

काउंटरवर तीन छटांच्या पावडरींचे नमुने ठेवले आहेत. केस धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी, तेल न लावता या. भांगावर लावून देतो, पाच मिनिटांनी दाराजवळच्या उजेडात आरशात बघा आणि मगच ठरवा.