जपानमध्ये जुनी तलवार घेताना: नोंदणी, परीक्षण आणि निर्यातीचे कागद

नवा संग्राहक फसतो तो बहुधा एकाच ठिकाणी: सरकारी नोंदणीपत्रालाच तो अस्सलपणाचा दाखला समजतो. नोंदणी, परीक्षण आणि निर्यात ही कामं तीन वेगळ्या कार्यालयांची आहेत.

नोंदणीपत्र (तोरोकुशो)

जपानच्या १९५८ च्या बंदूक-तलवार नियंत्रण कायद्यानुसार हे पत्र तलवारीचं असतं, मालकाचं नव्हे. त्यावर मालकाचं नाव नसतं आणि परदेशी नागरिकालाही नोंदलेली तलवार विकत घेता येते. पत्र देतं त्या-त्या प्रीफेक्चरचं (जपानी प्रांताचं) शिक्षण मंडळ. त्यात प्रकार, लांबी, बाक, मुठीच्या खिळीसाठीची भोकं आणि कोरलेली सही यांची नोंद असते. सही बनावट असली तरी ती दिसते तशीच उतरवली जाते! नोंदणी मिळते ती पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या, कलामूल्य असलेल्या पात्यालाच. महायुद्धाच्या काळातल्या यंत्रनिर्मित लष्करी तलवारींना ती मिळत नाही.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून मूठ उतरवून घ्या आणि पत्रातली प्रत्येक नोंद पात्याशी ताडून पाहा. लांबी मोजायची ती पात्याच्या पाठीकडच्या खाचेपासून टोकापर्यंत, सरळ रेषेत. पत्रात एक भोक आणि पात्याला दोन असतील, तर पत्र दुसऱ्याच तलवारीचं असू शकतं.

ताबा मिळाल्यापासून २० दिवसांत मालकबदलाची सूचना द्यावी लागते. ती पत्र देणाऱ्या मंडळालाच पाठवायची: राहता टोकियोत आणि पत्र ओसाकाचं, तर ओसाकाला. शुल्क नाही. नोंद जुळली नाही तर मंडळ तलवार प्रत्यक्ष तपासणीसाठी मागवतं. पॉलिशला किंवा प्रदर्शनाला तलवार जाईल तेव्हा मूळ पत्र सोबतच जायला हवं.

जुन्या घरात बिनापत्राची तलवार सापडली तर आधी त्या भागातल्या पोलीस ठाण्याला फोन करून कळवा. तिथून मिळालेला दाखला घेऊन मंडळाच्या तपासणीला जायचं. नोंदणी शुल्क प्रत्येक तलवारीमागे ६,३०० येन. आणि कृपा करून मुठीतल्या भागाचा गंज घासू नका. वय आणि सही ठरवण्याचा मोठा पुरावा त्या काळसर गंजातच असतो. घासलेला पुरावा परत येत नाही.

परीक्षण

अस्सलपणा आणि दर्जा ठरवणारं हे परीक्षण ऐच्छिक आहे. १९४८ साली स्थापन झालेली निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई (जपानी कलात्मक तलवारी जतन करणारी संघटना) ही संस्था चढत्या क्रमाने चार दर्जे देते: होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो, तोकुबेत्सु जुयो. अर्जासोबत तलवार आणि नोंदणीपत्राची प्रत लागते. बनावट सही, किंवा आगीत पाणी (धारेचा कडकपणा) उतरल्यावर पुन्हा पाणी दिलेलं पातं साधारणपणे नाकारलं जातं. गंजलेल्या पात्याची पोत आणि धारेवरची नक्षी दिसतच नाही, म्हणून आधी जाणकार पॉलिशकाराला दाखवा. होझोन आणि तोकुबेत्सु होझोन हे दर्जे १९८२ पासूनचे आहेत. त्याआधीच्या ‘किचो’ या जुन्या दर्जाच्या कागदांवर विसंबून मोठी किंमत मोजू नका, नव्याने परीक्षण करून घ्या.

देशाबाहेर नेताना

जपान सरकारच्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेचं (बुंकाचो) निर्यात प्रमाणपत्र लागतं. ते विनाशुल्क आहे. अर्ज, पात्याचे व मुठीतल्या भागाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि मूळ नोंदणीपत्र द्यायचं. नोंदणीपत्र परत मिळत नाही. याला वेळ लागतो, त्यामुळे सहलीच्या शेवटच्या दिवशी घेतलेली तलवार सोबत नेता येत नाही. अनुभवी विक्रेते अर्ज करून ती मागाहून पाठवतात. राष्ट्रीय ठेवा किंवा महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून घोषित तलवार या मार्गाने बाहेर नेता येत नाही.

भारतात आणायची असेल तर शस्त्र कायदा १९५९ मधली आयात परवान्याची अट आहे. तलवार जपानमधून निघण्याआधीच कस्टम्सकडून लेखी उत्तर मिळवा.