परीक्षा ‘दिली’ की ‘घेतली’? इंग्रजी ‘टेक’विषयी थोडेसे

(भाषांतरासाठी कागदपत्रे देणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

परदेशी विद्यापीठाच्या अर्जाचा मसुदा स्वतः इंग्रजीत लिहून आणणारे बरेच जण ‘आय गेव्ह द एक्झाम’ असे लिहितात. मराठीत परीक्षा विद्यार्थी देतो आणि शिक्षक घेतात, त्यामुळे आपल्या कानाला ते खटकत नाही. इंग्रजीत नेमके उलटे. तिथे परीक्षा ‘टेक’ करतो तो विद्यार्थी. ‘गिव्ह’ केली तर तुम्ही परीक्षक ठरता! ब्रिटनमध्ये ‘सिट’ही म्हणतात. तेव्हा मसुद्यातल्या ‘गेव्ह’च्या जागी ‘टुक’ दिसले, तर ते मुद्दाम केलेले आहे.

‘टेक’ म्हणजे घेणे, हे शाळेत पाठ झालेले असते. पण औषध घ्यायचे, फोटो काढायचा, छत्री सोबत न्यायची, प्रवासाला चार तास लागायचे, या सगळ्याला इंग्रजीत ‘टेक’च. त्याला ‘आफ्टर’ जोडला की मुलगी आईच्या वळणावर जाते. ‘ऑफ’ जोडला की विमान उडते, कोट उतरतो, नाहीतर धंदा जोर धरतो. पगारपत्रकातला ‘टेक होम’ म्हणजे कपाती जाऊन हातात पडणारी रक्कम.

एवढा सर्वसंचारी शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच. जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी ‘निमान’ होते. जर्मनमधले ‘नेमेन’ त्याचेच भावंड. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत लढायला आले आणि तिथेच शेती करून राहिले. त्यांचे ‘टाका’ हळूहळू ‘टेक’ झाले आणि पुढच्या काही शतकांत त्याने ‘निमान’ला हुसकावून लावले. आइसलँडमध्ये आजही ‘टाका’च म्हणतात. ‘ते लोक’ या अर्थाचे ‘दे’ हे इंग्रजी सर्वनामही याच पाहुण्यांचे. क्रियापद उसने घेणे समजू शकते, पण सर्वनामसुद्धा? शेजार किती दाट असेल!

‘निमान’ मात्र पुरते गेले नाही. बधिर या अर्थाचा ‘नम’ त्यातूनच आला: थंडीने ज्याचा ताबा घेतला ते बोट ‘नम’. चपळ या अर्थाचा ‘निंबल’ही त्याच घरातला.

आणखी एक. ‘टाइम टेकिंग’ आपल्याकडे सर्रास चालते, बाहेर मात्र ‘टाइम कन्झ्युमिंग’ लिहितात. आम्ही तेच वापरतो. मसुदा इंग्रजीत केला असला, तरी मूळ मराठी मजकूर सोबत जरूर द्या. तुम्हाला काढायचे होते, न्यायचे होते की घ्यायचे होते, हे त्यावरून लगेच कळते आणि फोनाफोनी वाचते.