एजॅक्सचे कुळ आणि सॅलामिसचा वाद

होमरच्या 'इलियड' या ट्रॉयच्या युद्धावरील ग्रीक महाकाव्यात अकिलिसच्या खालोखाल पराक्रमी ठरलेल्या एजॅक्सची वंशावळ आज बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात सांगितली जाते. इजायना बेटाचा राजा इआकस हा झ्यूसचा पुत्र. त्याच्या पेलिअस व टेलामॉन या मुलांनी सावत्र भाऊ फोकसची हत्या केली आणि बापाने दोघांनाही हद्दपार केले. पेलिअस थेसलीत जाऊन पुढे अकिलिसचा पिता झाला. टेलामॉन सॅलामिस बेटावर स्थिरावला आणि तेथे पेरिबिआच्या पोटी एजॅक्स जन्मला. धनुर्धर ट्यूसर हा त्याचा सावत्र भाऊ, ट्रॉयची राजकन्या हेसायनी हिचा मुलगा.

मात्र 'इलियड'मध्ये एजॅक्स आणि अकिलिस चुलतभाऊ असल्याचे कुठेही म्हटलेले नाही, आणि इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक लेखक फेरेकिडीझने तर टेलामॉन हा पेलिअसचा भाऊ नव्हे, केवळ मित्र होता, असे नोंदवले आहे. हे नाते मागाहून जोडले गेले असावे, असे मानायला त्यामुळे जागा आहे. कुळापेक्षा जुनी वाटते ती एजॅक्सची ढाल. बैलाच्या कातड्याचे सात थर, वर ब्राँझचा पत्रा, आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याचा भाला सहा थर भेदून सातव्यात अडकलेला, असे तिचे वर्णन येते. गंमत अशी की 'टेलामॉन' या शब्दाचा अर्थच मुळी ढाल किंवा तलवार खांद्याला अडकवण्याचा पट्टा असा आहे, तर एजॅक्सच्या मुलाचे युरिसेसिझ हे नाव 'रुंद ढालीचा' असे सांगते.

वंशावळीला खरी धार आली ती राजकारणामुळे. सॅलामिसच्या ताब्यावरून अथेन्स आणि शेजारचे नगरराज्य मेगारा यांच्यात तंटा पेटला, तेव्हा एजॅक्सने आपली 12 जहाजे अथेन्सच्या सैन्याशेजारी उभी केली, ही 'इलियड'मधील ओळ अथेन्सने पुरावा म्हणून मांडली. ती अथेन्सचा मुत्सद्दी सोलोन यानेच घुसडली, असा आरोप प्राचीन काळापासून होत आला आहे. एजॅक्सच्या मुलांनी अथेन्सचे नागरिकत्व घेऊन बेट स्वाधीन केले, असाही दावा होता. पुढे अथेन्सचा सुधारक क्लेइस्थेनिस याने अथेन्सच्या नागरिकांचे 10 गट पाडून त्यांना वीरांची नावे दिली, तेव्हा त्या यादीत एजॅक्स हा एकटाच परका होता. शेजारी आणि मित्र म्हणून त्याला घेतले, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो.

इसवी सनपूर्व 480 मध्ये पर्शियनांविरुद्धच्या सॅलामिसच्या लढाईआधी ग्रीकांनी एजॅक्स व टेलामॉन यांचा धावा त्याच बेटावरून केला, आणि इआकसला व त्याच्या उरलेल्या कुळाला आणण्यासाठी मात्र इजायनाला जहाज धाडले. विजयानंतर पर्शियनांच्या आरमारातील पकडलेल्या फिनिशियन युद्धनौकांपैकी एक सॅलामिसलाच एजॅक्सला अर्पण करण्यात आली.