फायनान्समध्ये पीएच.डी. करायचीय? पात्रता, प्रवेश आणि कागदपत्रं

फायनान्समध्ये पीएच.डी. करून पुढे विद्यापीठात किंवा सीनियर कॉलेजात शिकवायचं असेल, तर पोर्टल उघडण्याआधी एक प्रश्न सोडवा: वाणिज्य की व्यवस्थापन? महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत 2016 च्या कायद्यानुसार चार विद्याशाखा आहेत. आपली शाखा ‘वाणिज्य व व्यवस्थापन’. बहुतेक ठिकाणी अर्जात ‘फायनान्स’ असा स्वतंत्र विषय सापडत नाही. तुमचं संशोधन शेअर बाजारावरचं असलं तरी नोंदणी या दोनपैकी एकाच विषयात होते, आणि पुढे जाहिरातीत ‘संबंधित विषय’ म्हणून तोच पाहिला जातो. साधारणपणे एम.कॉम. झालेल्यांनी वाणिज्य आणि एमबीए फायनान्स झालेल्यांनी व्यवस्थापन धरावं. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतही हे दोन विषय वेगळे आहेत: वाणिज्याचा कोड 08, व्यवस्थापनाचा 17.

फक्त शिकवायचं असेल तर आधी नेट किंवा राज्यस्तरावरची सेट काढा. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) नेट, सेट किंवा स्लेट (सेटसारखीच राज्यस्तरीय परीक्षा) ही किमान अट ठेवली आणि पीएच.डी. ऐच्छिक केली. सेट आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते. मात्र सहयोगी प्राध्यापक व्हायचं असेल किंवा स्वतः गाइड व्हायचं असेल, तर पीएच.डी.ला पर्याय नाही.

पात्रता

यूजीसीचे 2022 चे नियम सध्या लागू आहेत. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि त्यात किमान 55 टक्के, ही मुख्य अट. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटक यांना 5 टक्क्यांची सवलत देता येते. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट अर्ज करायचा तर 75 टक्के लागतात. सीएंना एक सांगायला हवं: सीए, सीएस आणि आयसीडब्ल्यूए या पात्रता नेटसाठी पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीच्या मानायचं यूजीसीने 2021 मध्ये ठरवलं. पण पीएच.डी.चा प्रवेश विद्यापीठ देतं, तेव्हा त्या वर्षीच्या माहितीपत्रकात हा उल्लेख आहे का ते शोधा. नसेल तर फी भरण्याआधी पीएच.डी. विभागाकडून लेखी उत्तर घ्या. खिडकीवरचं ‘चालतंय की’ पुढे छाननीत कुणी विचारात घेत नाही.

प्रवेशाच्या दोन वाटा

पहिली वाट नेटची. 2024 पासून नेटच्या निकालात तीन गट पडतात: जेआरएफसह (संशोधनासाठी दरमहा मिळणारी अधिछात्रवृत्ती) सगळ्यासाठी पात्र, सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. जेआरएफवाल्यांची निवड मुलाखतीवर होते. बाकीच्या दोन गटांना नेटच्या गुणांचं 70 टक्के आणि मुलाखतीचं 30 टक्के वजन असतं. या दोन गटांचे गुण प्रवेशासाठी निकालापासून एकच वर्ष चालतात. यूजीसीचा आग्रह नेटचा असला, तरी विद्यापीठ त्या वर्षी काय स्वीकारतंय हे जाहिरातीतच कळतं.

दुसरी वाट विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेची, म्हणजे पेटची. निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे, निम्मे विषयाचे. मुलाखतीला जायला 50 टक्के लागतात, आरक्षित गटांना 45. फायनान्सची मुलं इथे गाफील राहतात; पोर्टफोलिओ थिअरी पाठ असते, पण नमुना निवड आणि गृहीतक चाचणीवर अडतात.

परीक्षेपेक्षा मोठी अडचण गाइडच्या रिकाम्या जागेची. प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्या गाइडला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून रिक्त जागांची यादी लागली की आधी ती वाचा. यादीत नाव आहे म्हणजे विषय जुळला असं नव्हे: वाणिज्याच्या गाइडपैकी कुणी मार्केटिंगचं, कुणी सहकाराचं, कुणी करप्रणालीचं काम केलेलं असतं. त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात मोफत पाहायला मिळतात. दोन-तीन चाळले की अंदाज येतो.

संशोधन आराखडा

मुलाखतीत खरी परीक्षा याची होते. ‘अमुक जिल्ह्यातील गुंतवणूकदारांची म्युच्युअल फंडाबाबत जागरूकता: एक अभ्यास’ या साच्यातले आराखडे समितीपुढे ढिगाने येतात. त्यांत प्रश्नच नसतो. जागरूकता कमी आहे हे उत्तर आधीच ठरलेलं असतं. त्याऐवजी असं विचारून बघा: एसआयपी चालू केलेले लोक बाजार पडल्यावर ती बंद करतात का, आणि करत असतील तर पगारदार आणि व्यापारी यांत फरक दिसतो का? हा प्रश्न तपासता येतो, उत्तर काहीही निघू शकतं.

त्याला लागूनच विदा, म्हणजे डेटा. कंपन्यांच्या ताळेबंदांवर काम करायचं तर बहुतेक जण सीएमआयई या संस्थेचा प्रोवेस हा विदासंच वापरतात. त्याची वर्गणी व्यक्तीला परवडणारी नाही, तेव्हा आपल्या संशोधन केंद्राकडे तो आहे का हे आराखडा लिहिण्याआधी विचारा. नसेल तर रिझर्व्ह बँकेची आकडेवारी, सेबीचे अहवाल आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवरचे भाव मोफत आहेत, त्यांत बसेल असा विषय घ्या. बँकेकडून खातेदारांची माहिती मिळेल या भरवशावर आराखडा लिहू नका. ती मिळत नाही, आणि मिळू नये हेच बरोबर.

कागदपत्रं

दहावीपासूनची गुणपत्रकं, पदवी व पदव्युत्तर प्रमाणपत्रं, नेट, सेट किंवा पेटचा निकाल, आधार, फोटो हे सगळ्यांना माहीत असतं. गुणपत्रकावर फक्त सीजीपीए असेल तर टक्केवारीच्या रूपांतराचं पत्र जोडा. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं.

बहुतेक वेळा घोळ नावाचा होतो. गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, नेटच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव गायब. नुसता क्रम बदललेला असेल तर सहसा चालून जातं, स्पेलिंग वेगळं असेल तर नाही. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र तयार ठेवावं आणि अर्ज पदव्युत्तर गुणपत्रकावरच्याच नावाने भरावा.

आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांना जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागतं, ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी यांना मुदतीतलं नॉन-क्रीमी लेयरही. ते 31 मार्चला संपतं, आणि पेटचं वेळापत्रक लांबलं की मुलाखत नेमकी त्यानंतर येते. नेटला केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, विद्यापीठाला राज्याच्या. सेतू केंद्रात एकाच खेपेत दोन्हींचे अर्ज द्या.

नोकरी करत अंशकालीन पीएच.डी. करायची तर ना हरकत प्रमाणपत्र हवं. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या ओळीचं पत्र पुरत नाही. परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.तला सक्तीचा अभ्यासक्रम) मोकळं करू, या तिन्ही गोष्टी त्यात लिहिलेल्या असाव्या लागतात. बँकेत असाल तर हे पत्र प्रादेशिक कार्यालयातून फिरून येतं, म्हणून अर्ज लवकर टाका.

प्रवेशानंतर

12 ते 16 क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात किमान 55 टक्के, दर सत्रात सल्लागार समितीपुढे सादरीकरण. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळू शकतात.

पैशांचं म्हणाल तर जेआरएफ दरमहा 37,000 रुपये आहे, पण त्याला वयोमर्यादा आहे. जेआरएफ नसेल तर आपापल्या गटानुसार सारथी, बार्टी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती, शिवाय एकुलत्या एक मुलींसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. त्यांच्या जाहिराती विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी जुळवून निघत नाहीत. त्यामुळे नोंदणी निश्चित झाल्याचं पत्र हाती पडलं की त्याची स्कॅन प्रत करून ठेवा आणि या संस्थांची संकेतस्थळं स्वतःच पाहत राहा.