गहू दाखवले, पण पीठ त्याच गव्हाचं का?

‘खासगीपणा जपणारा, शंभर टक्के ओपन सोर्स फोन’ अशी जाहिरात दिसली की आधी त्या ‘शंभर टक्के’वर बोट ठेवावं. पुण्याच्या तापकीर गल्लीत फोन उघडणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा: सिमचं काम बघणारा मोडेम असतोच, कधी वेगळ्या चिपमध्ये, कधी मुख्य चिपच्याच पोटात. तो स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असलेला वेगळा छोटा संगणक आहे आणि त्याच्या फर्मवेअरचा (आत भरलेल्या सॉफ्टवेअरचा) सोर्स, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, चिप बनवणारी कंपनी बाहेर देत नाही. अँड्रॉइडची पूर्ण मुक्त आवृत्ती बनवणाऱ्या रेप्लिकंट प्रकल्पाच्या प्रोग्रामरांनी २०१४ मध्ये दाखवलं, की काही गॅलक्सी फोनांतलं मोडेमशी बोलणारं बंदिस्त सॉफ्टवेअर मोडेमच्या हुकुमावरून फोनमधल्या फायली वाचू-लिहू शकतं.

दुसरी मेख परवान्यात आहे. अँड्रॉइडचा बराचसा भाग अपाची परवान्याखाली येतो. त्यात केलेले बदल कंपनीने झाकून ठेवले तरी चालतं. कर्नलला, म्हणजे अँड्रॉइडच्या तळाशी असलेल्या लिनक्सच्या गाभ्याला, मात्र जीपीएल या परवान्याची दुसरी आवृत्ती लागू आहे. फोन विकला की त्याच कर्नलचा सोर्स, बिल्ड करण्याच्या (सोर्समधून चालणारी फाइल बनवण्याच्या) स्क्रिप्टांसकट, मागणाऱ्याला द्यावाच लागतो. म्हणून ‘आमचा फोन अँड्रॉइडच्या ओपन सोर्सवर आधारित आहे’ या वाक्यातून कंपनीने स्वतः काय खुलं केलं ते कळतच नाही.

आता खरा मुद्दा. सोर्स म्हणजे गहू, कंपायलर म्हणजे गिरणी, फोनात भरलेली फाइल म्हणजे पीठ. गहू उत्तम असतील, पण डब्यातलं पीठ त्याच गव्हाचं कशावरून? तेच गहू दुसऱ्या गिरणीत दळून दोन्ही पिठं ताडून बघायची. याला रिप्रोड्युसिबल बिल्ड म्हणतात. दोन्ही फायलींचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने निघणारा ठसा, काढायचा. ६४ आकडे-अक्षरं तंतोतंत जुळली पाहिजेत. पहिल्या खेपेला ती सहसा जुळत नाहीत, आणि त्यात लबाडी असतेच असं नाही. बिल्डची वेळ फाइलमध्ये शिरते, फोल्डरचा पत्ता शिरतो, झिपमधल्या फायलींचा क्रम बदलतो, कंपायलरची आवृत्ती थोडी वेगळी निघते. एक बिट बदलला तरी हॅश पार वेगळा येतो. उपाय असे: ‘सोर्स डेट इपॉक’ व्हेरिएबलने वेळ गोठवायची, फोल्डर तोच ठेवायचा, फायली क्रमाने लावायच्या, कंपायलर नेमका तोच घ्यायचा. कंपनीची डिजिटल सही आपल्याला करता येत नाही, म्हणून ताडण्याआधी ती बाजूला काढायची. तरीही फरक उरला तर डिफोस्कोप हे साधन तो कुठल्या बाइटमध्ये आहे ते दाखवतं. डेबियन या लिनक्स प्रणालीचे लोक हे काम वर्षानुवर्षं चिकाटीने करत आले आहेत. ज्या कंपनीने बिल्डची कृतीच दिलेली नाही, तिच्या दाव्याला मोबाईलमागे चिकटवायच्या ‘रेडिएशनरोधक’ स्टिकरइतकाच आधार आहे.

एवढा खटाटोप जमत नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली कर्नल व्हर्जन बघा. पुष्कळदा त्या ओळीत ‘जी’ अक्षर आणि त्यापुढे १२ आकडे-अक्षरांची माळ असते. ती गिट कमिटची खूण, म्हणजे सोर्समधले बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनातल्या एका नोंदीची. कंपनीने सोर्स ठेवलेल्या रिपॉझिटरीत ती शोधा. सापडली म्हणून दावा सिद्ध होत नाही, कारण ओळ कंपनीनेच लिहिलेली असते. पण सापडली नाही, किंवा शेवटी ‘डर्टी’ असं लागलेलं असलं, तर दाखवलेल्या सोर्समध्ये नसलेले बदल फोनात असण्याची दाट शक्यता आहे. मग कंपनीला बिल्ड नंबर देऊन त्याच बिल्डच्या कर्नलचा सोर्स लेखी मागा. उत्तरादाखल नुसता मूळ लिनक्सचा दुवा आला, तर मागणी पूर्ण झालेली नाही, पुन्हा लिहा.