ग्रामीण विदर्भातील बाया आणि हृदयविकार : नोंद कुठे सुटली?

सेवाग्रामच्या कस्तुरबा गांधींना १९४४ च्या सुरुवातीला, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना, हृदयविकाराचे झटके आले. पुढे न्यूमोनियाही झाला आणि २२ फेब्रुवारीला त्या गेल्या. तिथे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. सुशीला नायर यांनी नंतर सेवाग्रामात त्यांच्या नावाचं रुग्णालय उभं केलं. सुरुवात बायका-मुलांच्या उपचारांपासून झाली, आणि तेव्हाची निकड तीच होती. पण पुढची कित्येक दशकं सरकारी दवाखान्याच्या लेखी गावच्या बाईची तब्येत म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि नसबंदीचं ऑपरेशन. पाळी गेल्यावर हृदयाचा धोका वाढतो, नेमकं तेव्हाच तिला विचारणारं कुणी उरत नाही.

संशोधनातही हेच. अमेरिकेत १९४८ ला सुरू झालेल्या हृदयविकाराची कारणं शोधणाऱ्या फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीत स्त्रिया होत्या, पण उपचारांच्या मोठ्या चाचण्या बहुतांश पुरुषांवर झाल्या. ॲस्पिरिनने हृदयविकार टळतो का, हे १९८० च्या दशकात २२ हजारांवर डॉक्टरांवर तपासलं गेलं. त्यात एकही बाई नव्हती. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बर्नाडिन हीली यांनी १९९१ मध्ये या दुजाभावावर बोट ठेवलं. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या हृदय जपतात, असं तेव्हा धरून चालत. या गोळ्यांची स्त्रियांवरची मोठी चाचणी २००२ मध्ये मधेच थांबवावी लागली, कारण स्तनाच्या कर्करोगासोबत हृदयविकारही थोडा वाढलेला दिसला.

बाईचं दुखणं मोजायलाच कुणी जात नाही, हे विदर्भाने आधीच दाखवलं होतं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेल्या तपासणीत ९२ टक्के बायांना स्त्रीरोग आढळले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते १९८९ ला छापून आलं. त्याच जिल्ह्यात पुढे लकवा हे मृत्यूचं सर्वांत मोठं कारण निघालं. लकव्याचं आणि हृदयविकाराचं मूळ बरंचसं एकच: वाढलेला बीपी. त्यात तंबाखूची भर. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) फक्त पुरुष खातात, हा समज निंदणाच्या बांधावर पाच मिनिटं बसलं तरी गळून पडतो. शिवाय पऱ्हाट्या-तुराट्या, म्हणजे कापूस-तुरीची वाळलेली झाडं, जाळणाऱ्या चुलीचा धूर. उज्ज्वलाचा सिलिंडर २०१६ पासून आला, पण भरायला पैसे नसले की चूल पेटतेच.

मला सगळ्यात जास्त सलतं ते माता-बाल कार्ड. सिस्टर त्यावर दर तपासणीला बीपी लिहिते. गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं गेली असतील, तर पुढे हृदयविकाराचा धोका जवळपास दुप्पट होतो. म्हणजे पंचविशीतच इशारा लिहून ठेवलेला असतो. लसी संपल्या की कार्ड पेटीत जातं आणि इशारा तिथंच राहतो.

बीपी, मधुमेह, हृदयविकार अशा असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये आला. आता तिशीनंतरच्या प्रत्येकीचा बीपी आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासतात. तिथे जाताना ते जुनं कार्ड सोबत न्यावं, गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती हे सांगावं. गोळी सुरू झाली तर बरं वाटतंय म्हणून सोडू नये. आणि छातीत दुखलं नाही तरी जबडा-पाठ दुखून दम लागला, मळमळून घाम फुटला, तर गॅस समजून ओवा चावत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि ईसीजी काढायला सांगावं.