थोडक्यात निभावलं, पण सांगायचं कोणाला?

रुग्णालयांतल्या चुका मोकळेपणाने कशा कळवल्या जाव्यात, याचा धडा विमानवाल्यांकडून घेता येतो. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचं विमान वॉशिंग्टनजवळ उतरण्याच्या बेतात असताना व्हर्जिनियातल्या एका डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे ९२ जण मरण पावले. तपासात पुढे आलं ते अधिक अस्वस्थ करणारं होतं. सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं एक विमान उतरण्याच्या परवानगीच्या अशाच गैरसमजातून खाली येत याच डोंगरावरून थोडक्यात बचावलं होतं. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण इतर कंपन्यांपर्यंत ती खबर पोहोचलीच नाही.

पुढच्या वर्षी अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने असे प्रसंग कळवण्याची सोय केली. पण लायसन्स ज्याच्या हातात, त्याच्यापुढे कबुली कोण देणार? म्हणून १९७६ पासून हे अहवाल नासाकडे जाऊ लागले. नासाला शिक्षेचा अधिकारच नव्हता. अहवालातून नाव काढून टाकलं जातं आणि अजाणता झालेला नियमभंग दहा दिवसांत कळवला तर सहसा दंड होत नाही. विमानवाल्यांकडून रुग्णालयांनी उचलण्यासारखं खरं म्हणजे हेच. त्यांच्याकडून घेतलेल्या चेकलिस्टचं, म्हणजे एकेक गोष्ट तपासून खूण करायच्या यादीचं, कौतुक नंतर.

रुग्णालयांत वाट दाखवली ती भूलशास्त्राने. बोस्टनमध्ये जेफ्री कूपर आणि सहकाऱ्यांनी भूल देणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन टाळता येण्याजोगे ३५९ प्रसंग गोळा केले आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. श्वासाची नळी सुटणं, सिरिंजची अदलाबदल, वायूचा प्रवाह चुकून बदलणं, असे ते प्रसंग. बहुतेकांत माणसाची चूक होती, पण त्याच त्या चुका वेगवेगळ्या माणसांकडून होत होत्या. मग एकट्याला मेमो देऊन काय साधणार?

तरी इतरत्र हे झिरपायला दोन दशकं गेली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने वैद्यकीय चुकांमुळे तिथल्या रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला. आकड्यांवर वाद झाले, पण विषय सरकारदरबारी पोहोचला. डेन्मार्कचा रुग्णसुरक्षा कायदा २००४ मध्ये लागू झाला. त्याने कर्मचाऱ्यांना अशा प्रसंगांची नोंद सक्तीची केली आणि नोंदीवरून त्यांच्यावर कारवाई करायला मनाई केली.

आकडे वाचण्याचीही एक गंमत आहे. संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चमूंमध्येच जास्त चुका दिसल्या. १९९६ च्या त्यांच्या निबंधातला उलगडा असा, की त्या वॉर्डांत लोक चुका मोकळेपणाने बोलून दाखवत होते. नोंदी वाढल्या की अनेक व्यवस्थापनांच्या कपाळावर आजही आठ्या पडतात, आणि मग पुढच्या महिन्यात त्या नोंदी ‘कमी’ होतात.

मागे राहिलं आहे ते उत्तर देण्याचं काम. नासा १९७९ पासून दरमहा पत्रिका काढून वैमानिकांचे अनुभव त्यांच्यापर्यंत परत पोहोचवते. वॉर्डातून गेलेल्या फॉर्मचं पुढे काय झालं, हे मात्र तो भरणाऱ्या सिस्टरला बरेचदा कळतच नाही.